ई-मेल कुणाच्या भरवशावर ठेवायचा? स्वतःचा सर्व्हर टाकावा का?

बेदाणा, सांगली

नमस्कार मंडळी. प्रश्न विचारण्याआधी काय घडलं ते सांगतो, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल.

मी कर सल्लागार आहे. मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे व्यापारी, काही दुकानदार, दोन-चार छोटे कारखानदार असे मिळून १४० च्या आसपास पक्षकार. त्यातल्या निम्म्या लोकांच्या जीएसटी नोंदणीत ई-मेल माझाच आहे. नोंदणीच्या वेळी "साहेब, तुमचाच टाका, आम्ही कुठं बघणार" असं म्हणाले आणि मी टाकला. गेली १४ वर्षं हा एकच फुकटचा मेल. बँक, एलआयसी, फ्लॅटचा करार, मुलीच्या कॉलेजचे कागद, सगळं त्यावरच.

मार्चच्या १८ तारखेला सकाळी कार्यालयात आलो, लॉगिन केलं, तर पडद्यावर एक ओळ: नियमभंगामुळे तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे. कुठला नियम, कुठला मेल, काही नाही. २० तारखेला ३बी, म्हणजे जीएसटीची मासिक विवरणपत्रं, भरायची होती. अपील केलं, चार मिनिटांत नकार आला. एवढ्या वेळात माणसाने वाचलं असणं शक्य नाही. ओटीपी व्यापाऱ्यांच्या मोबाइलवरही जातो म्हणून निभावलं, पण दोन दिवस मी दुकानोदुकानी फिरून "काका, मेसेज आला का बघा" करत होतो. नवव्या दिवशी खातं आपोआप उघडलं. का बंद केलं, का उघडलं, आजतागायत कळलेलं नाही. कंपनीचं नाव घेत नाही, ते महत्त्वाचं नाही.

त्या नऊ दिवसांत झोप लागली नाही. आता दोन रस्ते दिसतात. एक, खासगीपणाची हमी देणाऱ्या स्विस किंवा जर्मन कंपनीकडे पैसे भरून जायचं. दोन, कार्यालयात एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर लिनक्स टाकून स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचा. भाचा आयटीत आहे, तो म्हणतो दोन रविवारांचं काम आहे. ज्यांनी यातलं काही प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहा.

रात्रपाळी, पुणे

बेदाणा, मी एका शिक्षणसंस्थेचा मेल सर्व्हर ११ वर्षं सांभाळला. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

भाचा म्हणतो ते उभारणीपुरतं खरं आहे. मेल पाठवणारं पोस्टफिक्स, पेटी सांभाळणारं डव्हकॉट, स्पॅम गाळणारं आरस्पॅमडी हे सगळं मोफत आहे, मेलकाऊ किंवा मेल-इन-अ-बॉक्ससारखा तयार संच घेतला तर एका दिवसातही उभं राहतं. लेट्स एन्क्रिप्ट फुकट देत असल्यामुळे सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राचा खर्चही राहिलेला नाही. अडचण सुरू होते ती तिसऱ्या रविवारपासून.

आलेला मेल घेणं सोपं आहे. तुम्ही पाठवलेला मेल समोरच्याने स्वीकारणं हे खरं काम. घरगुती ब्रॉडबँडवर मेल बाहेर जाण्याचं २५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे दार, बहुधा बंदच असतं, कारण व्हायरस लागलेली घरातली यंत्रं तिथूनच स्पॅम फेकतात. ते उघडून मिळालं तरी घरगुती आयपींच्या (इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या) रांगाच्या रांगा स्पॅम अडवणाऱ्या स्पॅमहाउस संस्थेच्या यादीत आधीपासून असतात. शिवाय स्थिर आयपी हवा, त्याची पीटीआर नोंद (तो आयपी कुठल्या नावाचा ते सांगणारी) हवी, आणि ती तुमच्या हातात नसते, सेवा देणाऱ्याला विनवून करून घ्यावी लागते. त्यावर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, म्हणजे मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरून) आला हे पटवणाऱ्या नोंदी. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने हे नियम आणखी घट्ट केले. दिवसाला ५००० हून अधिक मेल पाठवणाऱ्याला तिन्ही सक्तीचे आहेत. आपल्यासारख्या लहानाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक आणि योग्य पीटीआर लागतेच. हे सगळं बिनचूक केलं तरी मेल इनबॉक्सात पडेल याची खात्री कुणी देत नाही. पडला नाही तर विचारायचं कुणाला, हा प्रश्न तिथेही तुमच्या त्या नऊ दिवसांइतकाच कोरडा असतो.

एक प्रसंग सांगतो. परीक्षांचा काळ होता. पहाटे पावणेपाचला फोन आला की हॉल तिकिटाचे मेल कुणालाच पोचलेले नाहीत. लॅपटॉप उघडून मेलक्यू ही रांग दाखवणारी आज्ञा टाकली तर पडदा थांबायलाच तयार नाही, रांगेत ३८ हजार मेल. लेखा विभागातल्या एका बाईंचा पासवर्ड त्यांच्या मुलाचं नाव आणि जन्मसाल होता. तो कुणीतरी ओळखला आणि रात्रभर आमच्या सर्व्हरवरून कर्जाच्या जाहिराती जगभर गेल्या. रांग साफ करायला २० मिनिटं लागली. पण काळ्या यादीतून नाव निघून सगळीकडे मेल नीट पोचायला तीन आठवडे गेले आणि तोवर प्राचार्य पत्रं छापून पोस्टाने पाठवत होते. त्या बाई माझ्यासमोर रडल्या. त्यांची चूक नव्हती. पासवर्ड तपासायची आणि एका खात्यातून तासाला किती मेल जाऊ द्यायचे याची मर्यादा घालायची जबाबदारी माझी होती.

तुमच्या जागी मी असतो तर मेल घरी चालवला नसता. ३बीच्या १९ तारखेला डिस्क गेली तर तुम्ही विवरणपत्रं भरणार की डिस्क बदलणार?

स्वयंभू, नागपूर

रात्रपाळी यांचा अनुभव मोठा आहे, पण चित्र जरा जास्तच काळं झालंय. मी २०१६ पासून स्वतःचा मेल चालवतो आहे, घरी नाही, भाड्याच्या व्हीपीएसवर, म्हणजे डेटा सेंटरमधल्या सर्व्हरच्या एका हिश्श्यावर. पोर्ट २५, स्थिर आयपी, पीटीआर हे तिन्ही प्रश्न तिथे सुटतात. सुरुवातीचे दोन महिने मेल स्पॅममध्ये जात होते, ओळखीच्यांना फोन करून 'नॉट स्पॅम' दाबायला लावलं. आता आठवड्याला अर्धा तास पुरतो.

लोकांचा एक मोठा गैरसमज आहे की सर्व्हर बंद पडला की मेल गेला. तसं नाही. पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, पोस्टफिक्स तर मुळात पाच दिवस सोडत नाही. गेल्या उन्हाळ्यात माझा सर्व्हर पूर्ण एक दिवस बंद होता, चालू केल्यावर सगळे मेल धडाधड आले. एकही हरवला नाही.

आणि मुख्य मुद्दा म्हणजे, माझं खातं माझ्याशिवाय कुणीही बंद करू शकत नाही. बेदाणा यांना जे भोगावं लागलं ते मला भोगावं लागणार नाही.

रात्रपाळी, पुणे

स्वयंभू, व्हीपीएसवाला तुमचं यंत्र बंद करू शकतो, डोमेनवाला डोमेन अडवू शकतो. सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द झोहो या भारतीय मेल कंपनीचं मुख्य डोमेन त्यांच्या रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीने, फिशिंगच्या तक्रारींवरून अडवून ठेवलं होतं आणि लाखो लोकांचे मेल खोळंबले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत झाली. भरवसा कुणावर तरी ठेवावाच लागतो, आपण फक्त जागा बदलतो.

आणि अर्ध्या तासाचं म्हणाल, तर मार्च २०२१ आठवा. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज हा मेल सर्व्हर स्वतःच्या कार्यालयात चालवणाऱ्या हजारो संस्था एका झटक्यात फोडल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टच्याच क्लाउडवर असलेले मात्र वाचले. दुरुस्ती निघाली होती, पण ती त्याच दिवशी बसवायला प्रत्येक ठिकाणी जागं माणूस नव्हतं.

स्वयंभू, नागपूर

डोमेनचा मुद्दा मान्य. एक्स्चेंजचाही मान्य, मी स्वतः दुरुस्त्या आपोआप बसतील अशी सोय केली आहे. तरी माझा मेल मीच चालवणार. मला ते शिकण्याचं समाधान आहे आणि माझ्यावर १४० लोकांची विवरणपत्रं अवलंबून नाहीत. हा फरक मी आधीच लिहायला हवा होता.

इझारकाठी, म्युनिक

बेदाणादादा, मी सात वर्षं एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय वाचता न येणारा) मेल वापरते, आधी तुटानोटा, म्हणजे आताचं तुटा, आणि नंतर प्रोटॉन. दोन्ही कंपन्या मला मनापासून आवडतात. पण 'हमी' कशाची आहे ते पैसे भरण्याआधी नीट समजून घ्या.

प्रोटॉनवरून प्रोटॉनवर गेलेला मेल कंपनीलाही वाचता येत नाही. तुमचे व्यापारी, बँक, जीएसटी पोर्टल हे काही प्रोटॉनवर नाहीत. त्यांचा मेल कंपनीच्या सर्व्हरपर्यंत साध्या मजकुरासारखा पोचतो आणि तिथे तुमच्या किल्लीने बंद होतो. त्यानंतर तो त्यांना उघडता येत नाही हे खरं. पण दुसऱ्या टोकाला, पाठवणाऱ्याच्या पेटीत, तो उघडाच पडलेला असतो. प्रोटॉनमध्ये मेलचा विषयही अशा पद्धतीने बंद केलेला नसतो. तुटात असतो.

आता कायद्याचं. २०२० मध्ये कोलोनच्या न्यायालयाने तुटानोटाला एका खात्यावर येणारे नवे, एन्क्रिप्ट न केलेले मेल तपासयंत्रणेला द्यायला लावले. २०२१ मध्ये प्रोटॉनला स्विस आदेशावरून फ्रान्समधल्या एका हवामान-कार्यकर्त्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. तोवर त्यांच्या संकेतस्थळावर 'आम्ही आयपी नोंदवत नाही' अशा अर्थाचं वाक्य होतं, ते त्यांनी नंतर बदललं. मेलमधला मजकूर मात्र देता आला नाही, कारण त्यांच्याकडे किल्लीच नव्हती. मला हे महत्त्वाचं वाटतं. कंपनीचा हेतू कितीही चांगला असो, जे तिच्याकडे असतं ते मागितलं जातं, आणि जे नसतं ते मागून उपयोग नसतो.

लाव्हाबिटचं उदाहरण मला अजून अस्वस्थ करतं. टेक्सासमधला लाडार लेव्हिसन ही सेवा चालवायचा, चार लाख दहा हजार वापरकर्ते. अमेरिकी सरकारची पाळत उघड करणाऱ्या स्नोडेनचं खातं तिथे होतं. अमेरिकी सरकारने एका खात्यासाठी सगळ्या सेवेची किल्ली मागितली, म्हणजे बाकीच्या चार लाख लोकांचंही सगळं उघडं. त्याने ती ११ पानांवर, डोळ्यांना दिसेल न दिसेल अशा ४ पॉइंटच्या अक्षरांत छापून दिली. न्यायालयाने दिवसाला ५००० डॉलर दंड लावला. शेवटी ८ ऑगस्ट २०१३ रोजी त्याने सेवाच बंद केली. त्याच्या धैर्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण त्याच वेळी विचार करा, त्या दिवशी ज्यांच्या पेटीत घराचे कागद होते, डॉक्टरांचे मेल होते, त्यांनी काय केलं असेल? सच्चा माणूसही दुकान बंद करू शकतो.

आणि साधी व्यापारी कारणंही असतात. स्किफ नावाची एन्क्रिप्टेड सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशन या कंपनीने विकत घेतली आणि सहा महिन्यांत बंद केली. माझ्या एका मैत्रिणीने सगळे पत्ते तिथे हलवून वर्षही झालं नव्हतं.

म्हणून माझं सांगणं, कंपनी निवडण्याआधी स्वतःचं डोमेन घ्या. पत्ता तुमच्या डोमेनचा असला की कंपनी बदलली तरी एमएक्स नोंद (मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी) बदलायची, पत्ता तोच राहतो. बँकेला, पोर्टलला, कुणाला काही कळवावं लागत नाही. तुमच्या त्या नऊ दिवसांतला निदान नवा मेल तुम्ही दुसऱ्या दिवशी दुसरीकडे वळवला असता.

कातळशिल्प, रत्नागिरी

इझारकाठीताईंना पूर्ण अनुमोदन. फक्त एक पुस्ती. डोमेन ज्या रजिस्ट्रारकडे घ्याल तिथलं खातं त्याच डोमेनच्या मेलवर ठेवू नका. डोमेनची मुदत संपली तर आठवण करून देणारा मेलही त्याच बंद पेटीत जातो. माझ्या धाकट्या भावाचं असंच झालं. दुकानाचं डोमेन गेलं, ते दुसऱ्याच कुणी घेतलं आणि आता तिथे जुगाराची जाहिरात दिसते. पाच-दहा वर्षांचे पैसे एकदम भरून टाका.

स्वतः होस्ट करायची हौस किंवा गरज असेल तर मेल सोडून बाकीच्या गोष्टींपासून सुरुवात करा. मी घरी छोट्या मिनी पीसीवर फोटोंसाठी इमिच आणि फायलींसाठी नेक्स्टक्लाउड चालवतो. आईचे, आजोळचे, गणपतीचे सगळे फोटो तिथे. वीज गेली तर इन्व्हर्टर, आणि तोही उतरला तर फोटो चार तास दिसणार नाहीत, कुणाचं काही अडत नाही. मेलसारखं समोरच्या सर्व्हरच्या मर्जीवर राहावं लागत नाही. आमच्याकडे ब्रॉडबँडला स्वतंत्र आयपी नाही, शंभर घरांमागे एकच आयपी, त्यामुळे बाहेरून थेट घरात शिरता येत नाही. आपल्याच यंत्रांचं खासगी जाळं करणारं टेलस्केल टाकलं आणि आता बायको मुंबईच्या लोकलमधूनही घरचे फोटो बघते. घरातलं यंत्र उघड्या इंटरनेटवर नाही, हा उलट फायदाच झाला.

पण एक विचारतो बेदाणा, तुमचं कार्यालय नदीपासून किती लांब आहे?

बेदाणा, सांगली

कातळशिल्प, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. माझं कार्यालय तळमजल्यावर आहे. टेबलाच्या वर हातभर पाणी होतं. फायली मी आणि माझ्या मदतनीसाने रात्री अकराला पोटमाळ्यावर चढवल्या, पण संगणक राहिला. पुढे आठ दिवस कार्यालयात पाऊल टाकता आलं नाही. आत गेलो तेव्हा सीपीयूच्या पेटीतून गाळ काढला. त्या वेळी मेल बाहेर होता म्हणूनच काम पुन्हा उभं राहिलं. ज्या डेस्कटॉपवर मी सर्व्हर टाकायचा म्हणतो तो त्याच जागी ठेवलाय. हे मी स्वतः विसरलो होतो.

रात्रपाळी, पुणे

मोठ्या डेटा सेंटरलाही आग लागते. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एक केंद्र जळून खाक झालं, ज्यांची दुसरीकडे प्रत नव्हती त्यांचं कायमचं गेलं. व्हीएफई-मेल नावाची जुनी सेवा फेब्रुवारी २०१९ मध्ये कुणीतरी आत शिरून पुसून टाकली, प्रतींसकट. तेव्हा मेल कुठेही ठेवा, संगणकावर थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर लावून आयमॅपने सगळा मेल एका बाहेरच्या डिस्कवर उतरवत राहा. आणि ती डिस्क सांगलीत ठेवू नका.

काळाकोट, छत्रपती संभाजीनगर

मी वकिली करतो, म्हणून कायद्याच्या बाजूने दोन-तीन गोष्टी.

परदेशी एन्क्रिप्टेड सेवा घेताना ती इथून उद्याही उघडेल का याचा विचार करा. २०२४ च्या सुरुवातीला चेन्नईतल्या शाळांना बॉम्बच्या धमक्या प्रोटॉनवरून आल्या, तेव्हा भारतात ती सेवा अडवण्याच्या हालचाली झाल्या होत्या आणि स्विस सरकारला मध्ये पडावं लागलं. पुढे २९ एप्रिल २०२५ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या याचिकेवर, महिला कर्मचाऱ्यांबद्दल आलेल्या अश्लील मेलच्या प्रकरणात, केंद्राला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली प्रोटॉनमेल अडवण्याची कारवाई सुरू करायला सांगितलं. त्या महिलांची बाजू मला पूर्ण समजते. पण तुमच्यासारख्या व्यावसायिकाने अशा सेवेवर एकट्यावर धंदा टांगू नये. स्वतःचं डोमेन असलं तर तिथून निघताही येतं.

भारतीय सेवा हवी असेल तर झोहो आहे. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा मेलही आता त्यांच्याकडेच आहे. इझारकाठी यांनी सांगितलेल्या अर्थाने तो एन्क्रिप्टेड नाही, किल्ली कंपनीकडे असते. जीएसटीचे ओटीपी आणि बिलांच्या पीडीएफसाठी तेवढं पुरेसं आहे असं माझं मत. पैसे भरणाऱ्या ग्राहकाला फोन उचलणारं माणूस मिळतं, आणि तुम्हाला १८ मार्चला तेच हवं होतं.

स्वतः सर्व्हर चालवायचा म्हटलं तर २८ एप्रिल २०२२ चे सर्ट-इनचे (केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे) निर्देश वाचून घ्या. सायबर घटना सहा तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपायचे.

आता जे सांगायचं आहे ते जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमच्या निम्म्या पक्षकारांच्या नोंदणीत ई-मेल तुमचा आहे. तुमचं खातं बंद झालं तेव्हा तुम्ही कंपनीच्या नावाने नऊ दिवस तळमळलात. त्या सत्तर जणांसाठी ती कंपनी तुम्ही आहात. देव न करो, तुम्हाला काही झालं, किंवा त्यांचं तुमच्याशी बिनसलं आणि ते दुसऱ्या सल्लागाराकडे गेले, तर विभागाची नोटीस कुणाच्या पेटीत पडेल? माझ्याकडे अशी दोन प्रकरणं आली आहेत. नोटीस मेलवर गेली होती, व्यापाऱ्याला पत्ताच नव्हता, मुदत टळली, नोंदणी रद्द झाली. सल्लागार वारले होते, त्यांचा पासवर्ड घरात कुणालाच माहीत नव्हता.

बेदाणा, सांगली

काळाकोट साहेब, राग कसला. तुमचा प्रतिसाद काल रात्री तीनदा वाचला. मी इतके दिवस फक्त माझ्यावर काय गुदरलं एवढंच बघत होतो.

बेदाणा, सांगली

सहा आठवड्यांनी लिहितोय, कारण अनेकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

डोमेन घेतलं, दहा वर्षांचे पैसे भरले. रजिस्ट्रारचं खातं वेगळ्या मेलवर. मेल एका पैसे घेणाऱ्या सेवेकडे ठेवला आहे, कार्यालयाचे दोन पत्ते. जुना सगळा मेल थंडरबर्डने उतरवला, त्याला चार रात्री लागल्या. एक डिस्क घरी दुसऱ्या मजल्यावर, एक पुण्याला मुलीकडे. डोमेनचे, मेलचे आणि डिस्कचे पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातले, ते बायकोला दाखवून कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली ठेवलं. भाच्याने जुना डेस्कटॉप नेला, आता तो त्याच्या घरी फोटोंसाठी चालतोय.

व्यापाऱ्यांचं काम अजून चालू आहे. जीएसटीत ई-मेल बदलणं नॉन-कोअर, म्हणजे किरकोळ, दुरुस्तीत येतं, अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही, नव्या मेलवर आणि मोबाइलवर ओटीपी आला की झालं. वेळ जातो तो प्रत्येकाला त्याचा स्वतःचा मेल काढून देण्यात. आजपर्यंत ३१ झाले. त्यात एक हळदीचे जुने व्यापारी आहेत, वय ७६. "साहेब, माझा तुमच्यावर विश्वास आहे, कशाला बदलता" म्हणून दोनदा परत पाठवलं मला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांची बारावीतली नात दुकानात होती. तिने दहा मिनिटांत खातं काढलं, टू-स्टेप लावलं आणि आजोबांच्या चोपडीच्या पहिल्या पानावर, 'श्री' लिहितात त्याच्या खाली, मेल पत्ता लिहून दिला. पासवर्ड लिहायला निघाली होती, तेव्हा आजोबांनीच हात धरला. म्हणाले, तो इथं नको, चोपडी मुनीम बघतो.

एक प्रश्न राहिला. जुनं खातं बंद करून टाकू का?

रात्रपाळी, पुणे

मुळीच नको. उरलेले ३९ व्यापारी होईपर्यंत तर नाहीच, आणि त्यानंतरही दोन-तीन वर्षं ठेवा. तिथला मेल नव्या पत्त्यावर वळवून ठेवा आणि महिन्यातून एकदा लॉगिन करत जा, वापर नसलेली खाती कंपन्या काढून टाकतात. जुन्या पत्त्यावर जो जो मेल येईल तिथे पत्ता बदलायचा राहिलाय असं समजायचं. बँकेचं झालं का?

बेदाणा, सांगली

एलआयसी झालं, बँक राहिली. त्यांना शाखेत येऊन अर्ज द्यायला हवाय. सोमवारी जातो.